मुंबईने १८५४ नंतर मोठी लढाऊ जहाजं बांधणं का थांबवलं?

भरतीओहोटी :
नमस्कार मंडळी. मुंबईच्या गोदीबद्दल जमेल तसं वाचतोय आणि एक प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून धागा काढतोय. जाणकारांनी भर घालावी, नाजाणकारांनी पण घालावी, फक्त व्हॉट्सॅप फॉरवर्ड चिकटवू नका ही नम्र विनंती.

आधी मामला काय ते सांगतो. जहाजबांधणीचं काम तेव्हा सुरतेत चालायचं, कारागीरही तिथलेच. १७३६ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना सुतारांच्या टोळीसकट मुंबईला आणलं. १७५० मध्ये पहिली सुकी गोदी (जहाज आत घेऊन, पाणी काढून खालून काम करायची जागा) तयार झाली, आशियातली पहिली म्हणतात तीच ही. मग तिला जोडून अजून दोन, आणि १८१० पर्यंत डंकन डॉक. हे सगळं आजही लायन गेटच्या आत नेव्हल डॉकयार्डमध्ये आहे आणि वापरातही आहे, आपण बाहेरून बसने जातो आणि भिंत बघतो.

पुढची शंभरएक वर्षं मुख्य बांधणीकार म्हणजे वाडियाच. लवजी, मग माणेकजी आणि बोमनजी, मग जमशेटजी बोमनजी, मग नवरोजी. जहाजांची यादी देत बसत नाही पण काही नावं घ्यावीच लागतील. मिंडेन, १८१०, ७४ तोफा, ब्रिटिश आरमारासाठी ब्रिटनबाहेर बांधलेलं या दर्जाचं पहिलं जहाज. कॉर्नवॉलिस १८१३. वेलस्ली १८१५. ट्रिंकोमाली १८१७. गँजेस १८२१. एशिया १८२४, ८४ तोफा, आणि तीनच वर्षांनी ग्रीसजवळच्या नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरलचं निशाण याच जहाजावर होतं. मियानी १८४८, ८० तोफा, आणि शेवटी १८५४ ला असाये आणि पंजाब ही दोन वाफेची फ्रिगेट (म्हणजे मधल्या आकाराच्या वेगवान युद्धनौका).

आणि नंतर? दुरुस्त्या, टग, बार्जेस, दुसऱ्या महायुद्धात थोडी छोटी जहाजं. या शहरात पुन्हा मोठी युद्धनौका बांधून आरमारात दाखल झाली ती थेट ३ जून १९७२ ला, माझगाव डॉकची आयएनएस नीलगिरी. म्हणजे मध्ये ११८ वर्षं गेली! समुद्र तोच, बंदर तेच, कोकणातून येणारी माणसं तीच. मग झालं काय? 'इंग्रजांनी मारलं' हे एक उत्तर मला माहीत आहे, ते पूर्ण वाटत नाही.

चहाबाज :
वाखु (वाचनखूण) साठवली. मस्त विषय. ते मिंडेन म्हणजे ज्याच्यावर बसून अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिलं गेलं तेच ना? आपल्या मुंबईच्या सागवानावर!! अंगावर काटा येतो राव

भरतीओहोटी :
@चहाबाज घ्या, आलंच. पहिल्याच प्रतिसादात. अहो ते लिहिणारे फ्रान्सिस स्कॉट की त्या रात्री अमेरिकन जहाजावर होते, कैदी सोडवायला पांढरं निशाण लावून गेलेल्या. मिंडेनचा त्यात काही संबंध नाही. खऱ्या गोष्टी एवढ्या भारी असताना ही खोटी का फिरते काय माहीत.

उदा. वेलस्ली घ्या. १८१५ ला मुंबईत बांधलं, म्हातारपणी थेम्स नदीत पोरांना शिकवायचं जहाज म्हणून उभं होतं, आणि सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी त्याच्यावर बॉम्ब टाकून ते बुडवलं. सव्वाशे वर्षांचं सागवानी जहाज हिटलरच्या विमानांनी बुडवलं! पुढे त्याचं काही लाकूड म्हणे लंडनच्या हायकोर्टाच्या दुरुस्तीत वापरलं.

नाखवा :
लाकूड आणि पाणी याबद्दल मी बोलू शकतो, घरात बोटी आहेत म्हणून. आता फायबरच्या झाल्यात पण माझ्या आज्याची लाकडाची होती आणि दरवर्षी पावसाच्या आधी किनाऱ्यावर ओढून तिची डागडुजी बघत मोठा झालो.

पहिली गोष्ट म्हणजे सागवान. सागात अंगचं तेल असतं त्यामुळे कीड लवकर लागत नाही आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळा लवकर गंजत नाही. इंग्रजांचं ओक बरोबर उलटं, त्यात आम्ल असतं ते लोखंड खातं. त्यामुळे ओकचं जहाज तिकडे लवकर सडायचं आणि मुंबईचं पन्नास पन्नास वर्षं चालायचं. मलबारचं साग किनाऱ्याकिनाऱ्याने समुद्रातून मुंबईला यायचं. शिवाय नेपोलियनच्या लढायांमध्ये इंग्लंडात ओकची टंचाई झाली म्हणून तर त्यांची पावलं इकडे वळली, नाहीतर कोण देतंय हिंदुस्थानी सुताराला आरमाराचं काम.

दुसरं, फळ्या जोडायची रीत. युरोपात फळीला फळी टेकवून मधली फट बुजवत. आपल्याकडे फळीच्या कडेला खाच पाडून दुसरी फळी तिच्यात बसवायचे आणि मध्ये कापूस डांबर घालायचे, मग आत पाणी येणार कुठून.

तिसरं म्हणजे भरती. मुंबईत उधाणाला भरतीओहोटीत चार साडेचार मीटरचा फरक पडतो (धागाकर्त्याचं नावच तसं आहे 😀). भरतीला जहाज गोदीत घ्यायचं, ओहोटीला पाणी आपोआप उतरतं तसं दार लावायचं, उरलेलं उपसायचं, जहाज ठोकळ्यांवर बसलं की खालून काम सुरू. पंप नसतानाच्या काळात हे केवढं मोठं आहे बघा. कलकत्त्याला नदीचा गाळ, मद्रासला तर धड बंदरच नव्हतं.

राजापूरकर :
सगळं ठीक आहे पण पारशी-इंग्रजांचं कौतुक करताना एक सांगायचं राहिलं की काय? मुंबईला गोदी लागली कशाला? आंग्र्यांच्या भीतीने! कान्होजींच्या गुराब-गलबतांनी कंपनीला सळो की पळो केलं म्हणून तर कंपनीला स्वतःचं आरमार वाढवावं लागलं. आणि जहाजबांधणी काय १७३६ ला सुरू झाली का. महाराजांनी कल्याण-भिवंडीला जहाजं बांधायला घेतली ती १६५० च्या दशकात. विजयदुर्गजवळ गिर्ये इथे खाडीत खडक फोडून केलेली मराठ्यांची गोदी आजही बघायला मिळते, जाऊन या एकदा.

भरतीओहोटी :
@राजापूरकर, अगदी मान्य, आणि तुमचा मुद्दा माझ्या प्रश्नाला धरूनच आहे. १७५६ ला वॉटसन आणि क्लाइव्हने विजयदुर्ग घेतला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळून गेलं. आणि दुखरी गोष्ट ही की त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. म्हणजे या किनाऱ्यावरची बांधणीची दुसरी परंपरा आपणच मोडायला मदत केली, मग उरली फक्त कंपनीची गोदी. कारागीर असून भागत नाही, त्याला सतत काम देणारा धनी लागतो, तो धनी मग एकच उरला आणि तो लंडनला.

बादवे मुंबईच्या जुन्या किल्ल्यात, म्हणजे बॉम्बे कॅसलमध्ये, आज नौदलाचं जे ठाणं आहे त्याचं नाव आयएनएस आंग्रे. कंपनीच्या किल्ल्याला कान्होजींचं नाव, तेवढं समाधान घ्या.

न्यूकॅसलकर :
मी इंग्लंडात न्यूकॅसलला राहते, वरच्या यादीतली ट्रिंकोमाली इथून जवळच आहे, त्यामुळे ती तीनचार वेळा पाहून झालीये, पाहुणे आले की नेतेच. हार्टलपूलला आहे. ब्रिटनमधलं अजून पाण्यावर तरंगणारं सगळ्यात जुनं लढाऊ जहाज. आत उतरलं की डोकं वाकवूनच चालावं लागतं आणि तो सागवानाचा गडद रंग, हात लावला की कळतं. बराचसा मूळ लाकूडकाम टिकलाय असं तिथला गाईड सांगतो.

दोन गोष्टी मला फार आवडल्या. एक, हिचे नकाशे घेऊन जे जहाज मुंबईकडे निघालं होतं, जावा नावाचं, ते १८१२ मध्ये वाटेतच अमेरिकनांनी पकडलं आणि नकाशे गेले. पुन्हा पाठवावे लागले, म्हणून उशीर. दुसरी, बांधणी सुरू करताना जहाजाच्या तळाच्या मुख्य लाकडात चांदीचा खिळा ठोकला होता, पारशी प्रथेप्रमाणे. आपल्याकडे पाया खणताना पूजा करतो तसंच की.

तिथे एक ब्रिटिश आजोबा मला अभिमानाने सांगत होते बघा आमचं जहाज. मी म्हटलं आजोबा, बांधलंय कुठे? मग पुढचा अर्धा तास मीच गाईड.

अणुरेणू :
छान चाललंय, पण एक कडू गोष्ट. ही जहाजं कशासाठी वापरली गेली? कॉर्नवॉलिसवर २९ ऑगस्ट १८४२ ला नानकिंगचा तह झाला, हाँगकाँग चीनच्या हातून गेलं ते इथेच. वेलस्ली पण त्याच अफूच्या युद्धात होतं. अफू माळव्यातून मुंबईला यायची, मुंबईतून चीनला जायची, मुंबईचे शेठ त्यात गब्बर झाले, आणि चीनने नको म्हटल्यावर मुंबईतच बांधलेली जहाजं तोफा घेऊन गेली. अभिमान बाळगा पण हे पण लिहा.

भरतीओहोटी :
@अणुरेणू लिहायलाच हवं. मी यादीत कॉर्नवॉलिस घेतलं ते त्यामुळेच, तुम्ही वाक्य पूर्ण केलंत.

बॉयलरसूट :
आता मूळ प्रश्नाकडे येतो, मरीन इंजिनियर आहे, निवृत्त. माझं उत्तर असं की जहाजबांधणी थांबली नाही, जहाज बदललं. शिडाचं जहाज अख्खं या किनाऱ्यावर बनत होतं. लाकूड मलबारचं, दोर काथ्याचे, शिडाचं कापड इथलं, डोकं वाडियांचं. तोफा आणि थोडं तांबं सोडलं तर बाहेरून फार काही लागत नव्हतं. वाफ आली आणि सगळ्यात महाग, सगळ्यात अवघड भाग बाहेरून यायला लागला.

ह्यू लिंडसेची गोष्ट ऐका. १८२९ ला नवरोजी जमशेटजींनी बांधलेली वाफेची बोट. बांधा मुंबईचा, इंजिनं लंडनच्या मॉड्सले कंपनीची. २० मार्च १८३० ला सुएझला जायला निघाली. कोळसा ठेवायची जागा साडेपाच दिवसांपुरती आणि एडनच यायला लागतात अकरा दिवस! मग काय, केबिनमध्ये कोळसा, बसायच्या खोलीत कोळसा, डेकवर कोळसा, बोट पाण्यात इतकी खाली बसली की चाकं धड फिरेनात. एडनला पोचली तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा शिल्लक. पण पोचली. आणि त्या कोळशातला बराचसा पण विलायतेहून आलेला.

म्हणजे १८२९ लाच चित्र स्पष्ट आहे, सांगाडा आपला, इंजिन त्यांचं. नंतर सांगाडा पण लोखंडाचा झाला. लोखंडी पत्रा लाटायची गिरणी इथे नाही, बॉयलर बनवायचा कारखाना नाही. टाटांचं पोलाद निघालं ते १९१२ ला. सुतार कितीही हुशार असो, तो पत्रा कुठून आणणार?

तुम्ही उल्लेख केलेलं पंजाब तर याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण. १८५४ चं वाफेचं फ्रिगेट. १८६० च्या दशकात लंडनच्या जॉन विलिस नावाच्या मालकाने विकत घेतलं, इंजिन काढून टाकलं, नाव ठेवलं ट्वीड, आणि नुसत्या शिडांवर ते असं पळायला लागलं की त्याच मालकाने पुढे जगप्रसिद्ध वेगवान शिडाचं जहाज कटी सार्क बांधून घेतलं तेव्हा या मुंबईच्या जहाजाच्या आकाराचा आधार घेतला. विलायती इंजिन उतरवल्यावर आपला सांगाडा अजून उजळला!

चहाबाज :
हे भारी आहे. पण मग वाडियांना हे कळत नव्हतं का? इतकी पिढीजात हुशार माणसं

बॉयलरसूट :
@चहाबाज कळत होतं की. अर्देशीर खरशेटजी वाडिया हे नाव शोधा. १८०८ चा जन्म, ऐन विशीत वाफेच्या इंजिनाचा नाद लागला, स्वतः एक हॉर्सपॉवरचं इंजिन बनवलं, १८३४ ला माझगावच्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले, लोक बघायला यायचे. विलायतेला जाऊन आले आणि १८४१ ला लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, पहिले भारतीय. मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य इंजिनियर झाले, हाताखाली गोरे लोक, आणि त्या काळच्या इंग्रजी पेपरांना ते झोंबलं पण. त्याच घरातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तर १८३८ ला खास जहाजबांधणी शिकायलाच इंग्लंडला गेले होते.

म्हणजे माणसं तयार होती. पण माणूस तयार असणं वेगळं आणि मागे खाण, भट्टी, गिरणी उभी असणं वेगळं. ती उभी करायचा निर्णय वाडियांच्या हातात नव्हता. शिवाय थेम्सवरच्या बांधणीकारांची ओरड होतीच आणि कायदे असे की जहाजावरचे तीन चतुर्थांश खलाशी ब्रिटिश पाहिजेत आणि आपले लश्कर लोक (म्हणजे हिंदुस्थानी खलाशी) त्यात धरायचे नाहीत. धागाकर्त्याला 'इंग्रजांनी मारलं' हे अपुरं वाटतं. माझ्या मते ते बरोबर आहे, फक्त गळा दाबून नाही मारलं, जेवायला दिलं नाही.

सोलापूरची_शुभा :
यात वालचंद हिराचंद यांचं नाव यायलाच पाहिजे, आमच्या सोलापूरचे. त्यांच्या सिंदिया जहाज कंपनीची एसएस लॉयल्टी ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली, तो दिवस आपण अजून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. नुसती जहाजं चालवून भागत नाही, बांधली पण पाहिजेत हा त्यांचा ध्यास. पण कारखाना झाला कुठे, तर विशाखापट्टणमला. २१ जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी, आणि जल उषा पाण्यात उतरलं ते १४ मार्च १९४८ ला नेहरूंच्या हस्ते. मुंबईचा पैसा, सोलापूरचा माणूस, आणि जहाज आंध्रात. बाकी चालू द्या.

बाबांची_ड्युटी :
नेहमी वाचनमात्र असतो पण आज लिहितो. वडील माझगाव डॉकमध्ये प्लेटर (जहाजाचे पोलादी पत्रे बसवणारे) होते, गाव संगमेश्वरकडे. आमच्या चाळीत अर्धी बिऱ्हाडं गोदीतली नाहीतर गिरणीतली. गिरण्यांवर किती लिहिलं गेलं, गोदीतल्या कामगारावर कोण लिहितंय. गिरणी गेली म्हणून तिच्या आठवणी झाल्या, गोदी चालू आहे म्हणून कुणाला पडलेली नाही.

माझगावची गोदी पण जुनीच, १७७४ च्या सुमारास तिथे छोटी सुकी गोदी होती, कंपनी म्हणून नोंद १९३४ ची, ब्रिटिश बोट कंपन्यांची मालकी, काम मुख्यतः त्यांच्या बोटींच्या दुरुस्तीचं. १९६० ला सरकारने घेतली. आणि लगेच लिअँडर या ब्रिटिश नमुन्याच्या फ्रिगेटचं काम. वडील सांगायचे की नकाशे विलायतेहून यायचे, सगळी मापं फूट-इंचात, आणि सुरुवातीला एकेक पत्रा वाकवायला इतका वेळ जायचा की साहेब लोक कपाळाला हात लावायचे. दुरुस्ती करणं आणि नवीन बांधणं यात जमीन अस्मानाचा फरक. दुरुस्तीत आधी काय होतं ते समोर असतं, नव्यात तुम्ही चुकलात तर ते पुढच्या शंभर पत्र्यांत चुकत जातं.

नीलगिरी, हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी. ही सहा नावं आम्हाला पाढ्यासारखी पाठ. शेवटच्या दोन तर मूळ इंग्रजी नकाशात नसलेलं मोठं सी किंग हेलिकॉप्टर बसेल अशा बदलून बांधल्या, १९८० आणि ८१ ला. तिथून मग गोदावरी, पुढे दिल्ली, कोलकाता, विशाखापट्टणम या मोठ्या विनाशिका.

बुल_रन :
माझगाव डॉकचा आयपीओ २०२० ला १४५ रुपयांना आला होता. मला लागला नाही. एवढंच सांगायचं होतं.

नाखवा :
😂😂 @बुल_रन तुमचं दुःख मोठं आहे

अणुरेणू :
@बाबांची_ड्युटी तुम्ही नियमित लिहा हो. एक विचारते, पाणबुड्यांचं काय? त्यात पण अशीच मधली वर्षं रिकामी गेली ना?

बाबांची_ड्युटी :
हो, आणि ते जास्त लागतं मनाला. जर्मनीच्या एचडीडब्ल्यू या जहाजबांधणी कंपनीशी करार झाला, दोन पाणबुड्या कीलला बांधल्या आणि दोन माझगावला, शाल्की १९९२ आणि शंकुल १९९४. पाणबुडीचं वेल्डिंग म्हणजे वेगळीच जात आहे. पाण्याचा दाब घेणारा तो जाड पोलादी सांगाडा, प्रत्येक जोडाचा एक्सरे, एक बुडबुडा सापडला तर अख्खा जोड घासून परत. जर्मनीत जाऊन शिकून आलेली माणसं होती. आणि ८७ ला याच करारात दलालीचे आरोप झाल्यावर पुढच्या पाणबुड्याच रद्द. हातातलं काम संपलं, ती माणसं दुसऱ्या खात्यांत गेली, रिटायर झाली. पुढची पाणबुडी कलवरी, डिसेंबर २०१७. मधली तेवीस वर्षं गेली. पुन्हा फ्रेंचांकडून नव्याने शिकायचं.

मला वाटतं धाग्यातल्या प्रश्नाचं उत्तर यात पण आहे. वाडियांच्या वेळी परका राजा होता, ९४ नंतर तर आपलंच सरकार होतं. हात रिकामा ठेवला की कला जाते, राजा कुणीही असो.

राजापूरकर :
+१. कलवरीच्या मालिकेतल्या दुसऱ्या पाणबुडीचं नाव खांदेरी आहे हे नमूद करतो.

भरतीओहोटी :
सगळे प्रतिसाद वाचून माझा प्रश्न जरा बदलला. @बॉयलरसूट, तुमचं 'सांगाडा आपला, इंजिन त्यांचं' हे आज कितपत खरं आहे? १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत एकाच दिवशी विनाशिका सुरत, फ्रिगेट नवी नीलगिरी आणि पाणबुडी वाघशीर दाखल झाल्या, तिन्ही माझगावच्या, तेव्हा टीव्हीवर सगळं स्वदेशी स्वदेशी चाललं होतं.

बॉयलरसूट :
अर्धं खरं, पण अर्धं म्हणजे थोडं नाही. पोलादात आपण जिंकलो. युद्धनौकेला लागणारं खास पोलाद, डीएमआर २४९, आपल्या प्रयोगशाळेने विकसित केलं आणि सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या भट्ट्यांत बनतं. आधी ते रशियातून यायचं आणि न आल्यामुळे कामं खोळंबायची. नकाशे आपले, नौदलाचं स्वतःचं डिझाईन खातं आहे आणि ते उत्तम आहे. लढायची यंत्रणा बरीचशी आपली.

पण सुरतला ढकलणारी गॅस टर्बाइन युक्रेनची. नीलगिरीची अमेरिकन बनावटीची, एचएएल ही सरकारी विमान कंपनी इथे जुळवते. युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा सुट्या भागांसाठी काय धावपळ झाली असेल विचार करा. लढाऊ विमानासाठी केलेल्या आपल्या कावेरी इंजिनाचं जहाजी रूप करून पाहिलं, चाचण्या झाल्या, पण अजून तरी कुठल्या विनाशिकेत ते बसलेलं नाही. म्हणजे १८२९ ला मॉड्सले होती, आता दुसरी नावं आहेत.

चहाबाज :
पण सर जगात किती देश स्वतःची मरीन टर्बाइन बनवतात? हाताच्या बोटावर. फ्रान्स इटली पण अमेरिकन घेतात की. मग एवढं काय लावून घ्यायचं

बॉयलरसूट :
बरोबर आहे, पण त्यांना कुणी टर्बाइन द्यायचं बंद करत नाही. आपल्याला केलं आहे.

रश्मी_ठाणे :
मुलाला घेऊन हे सगळं बघायचं असेल तर काय बघता येतं? गोदीत तर सोडत नाहीत.

बाबांची_ड्युटी :
@रश्मी_ठाणे डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरा, लागूनच टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे, वरून माझगावच्या गोदीच्या क्रेन आणि पाण्यातल्या बोटी दिसतात. तिथून पुढे रे रोडच्या बाजूला दारूखाना, जहाजं तोडायची जागा, जुनी विक्रांत २०१४ ला तिथेच तोडली, पण लहान मुलाला तिकडे नको, पायाखाली पत्रे असतात. डिसेंबरात नौदल दिनाच्या आसपास कधी कधी युद्धनौका बघायला खुल्या ठेवतात, पेपरात लक्ष ठेवा, ओळखपत्र लागतं. आणि गोदीकडे मोबाईल रोखून फोटो काढू नका, वॉचमन येतो.